दस्तुरखुद्द

जुन्या मराठी कागदपत्रांच्या शेवटी, नावाच्या शेजारी, कधी ‘दस्तुरखुद्द’ तर कधी ‘बकलम अमुक’ असा शेरा आढळतो. पहिल्याचा अर्थ असा की ज्याचा मजकूर त्यानेच तो स्वहस्ते लिहिला, आणि दुसऱ्याचा असा की बोलणारा एक आणि लेखणी धरणारा दुसरा. साक्षीपुराव्याच्या सोयीसाठी दप्तरातील कारकुनांनी रूढ केलेला हा भेद, रंगभूमीवरील आणि पडद्यावरील नटनटींची पत्रे जमविणाऱ्याला पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत उपयोगी पडतो. नट हा व्यवसायानेच दुसऱ्याच्या लेखणीतून उतरलेले बोलणारा. त्याच्या मुखातून निघालेली वाक्ये नाटककाराची, त्याच्या अंगावरचा शालू किंवा शेला मंडळीच्या मालकीचा, आणि त्याचे हसणे-रडणे तालीममास्तराने नेमून दिलेले. प्रयोग संपून पडदा पडल्यावर, बिऱ्हाडी परतून, कंदिलाच्या उजेडात तो घरी चार ओळी लिहावयास बसतो, तेव्हाच काय ते त्याचे शब्द आणि त्याची लेखणी यांची गाठ पडते. असे चार ओळींचे कागद शोधणे, पारखणे आणि जतन करणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते की या संग्रहाचे सारे मोल स्वाक्षरीत आहे, आणि स्वाक्षरी जितक्या मोठ्या नटाची तितका संग्रह मोठा. ही समजूत मला केवळ चुकीचीच नव्हे तर घातक वाटते. तिच्यापायी जेवढी पत्रे नष्ट झाली तेवढी वाळवीनेही नष्ट केली नसतील. नटाचे पत्र हे मजकुरासह, पाकिटासह, आणि ज्या गठ्ठ्यात ते सापडले त्या गठ्ठ्यातील किराण्याच्या यादीसह व दवाखान्याच्या पावतीसह जपले गेले, तरच ते काही सांगू शकते. याचे माझ्या माहितीतील सर्वोत्तम उदाहरण इंग्लंडातील आहे आणि ते चारशे वर्षांपूर्वीचे आहे.

एडवर्ड ॲलिन (१५६६–१६२६) हा एलिझाबेथ राणीच्या काळातील लंडनचा अग्रगण्य नट. मार्लोच्या टॅंबरलेन आणि फॉस्टस या भूमिका त्याने गाजविल्या. १५९२ साली त्याने नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या सावत्र मुलीशी, जोनशी, विवाह केला. आणि पुढच्याच वर्षी लंडनात प्लेगचा असा प्रादुर्भाव झाला की नाट्यगृहे बंद ठेवणे भाग पडून मंडळीला गावोगाव फिरून पोट भरावे लागले. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ब्रिस्टलच्या मुक्कामाहून त्याने बायकोला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. तिला उंदराच्या लाडक्या नावाने हाक मारून तो सांगतो की घर स्वच्छ ठेव, रोज संध्याकाळी दारापुढे आणि परसात पाणी टाकीत जा, खिडक्यांतून सताप ठेव, म्हणजे देवाच्या कृपेने रोग उंबरा ओलांडणार नाही. मग तो घरच्या कामांकडे वळतो: माझे नारिंगी-तपकिरी लोकरी मोजे हिवाळ्यात घालावयास उत्तम काळ्या रंगात रंगवून ठेव, बागेत ज्या वाफ्यात पार्स्ली होती त्यात सप्टेंबरात पालक पेर, कारण हंगाम तोच आहे, आणि आम्ही नोव्हेंबरच्या तोंडापर्यंत परतत नाही, नाहीतर मीच पेरला असता. घरची खबरबात तू काहीच कळवीत नाहीस अशी तक्रारही त्यात आहे. आपला पांढरा अंगरखा वागविण्याचा त्रास होतो म्हणून तो पत्राबरोबर परत पाठवितो, आणि पुढची पत्रे श्रूजबरी, वेस्टचेस्टर किंवा यॉर्क येथे पाठवावीत, आमची मंडळी येईपर्यंत ती तेथे ठेवून घेतली जातील, असा पत्ता देतो.

आता या पत्रातून काय काय हाती लागते ते पाहावे. नाट्येतिहासाच्या अभ्यासकाला मंडळीचा आगामी मार्ग मिळतो, आणि लिहिताना त्या दिवशी कोणत्या नाटकाची तयारी चालली होती हेही मिळते, कारण ॲलिनने त्याचे नाव सहज लिहून ठेवले आहे. वैद्यकाच्या अभ्यासकाला प्लेगावरील घरगुती उपाय मिळतात. आणि ज्याला अभ्यास करावयाचा नाही अशा साध्या वाचकाला, हजारो प्रेक्षकांपुढे जगज्जेत्याचा आवेश आणणारा माणूस पालकाच्या वाफ्याची काळजी वाहताना दिसतो. यांतले काहीही स्वाक्षरीत नव्हते. आणि हे पत्र वाचले कसे? ॲलिनने नटव्यवसायात मिळविलेल्या द्रव्यातून १६१९ साली लंडनजवळ डलिच येथे एक विद्यालय व धर्मादाय संस्था स्थापन केली. तिच्या दप्तरात जमिनीची खरेदीखते, नाट्यगृहाचे हिशेब आणि पावत्या यांच्याबरोबर हे घरगुती कागदही गेले, आणि त्यांना कोणी वेगळे काढण्याच्या योग्यतेचे मानले नाही म्हणूनच ते राहिले.

याच्या उलट बाजू पाहावयाची तर त्याच काळातील दुसऱ्या एका नटाकडे वळावे. विल्यम शेक्सपिअर हा नाटककार खराच, परंतु तो मंडळीतील भागीदार आणि नटही होता. त्याच्या हातचे एकही पत्र आज जगात नाही. सर्वमान्य अशा केवळ सहा सह्या आहेत, त्याही खटल्यातील जबानीच्या, घरखरेदीच्या व गहाणाच्या आणि मृत्युपत्राच्या कागदांवरील. त्याला लिहिलेले एकच पत्र उरले आहे. त्याच्याच गावचा रिचर्ड क्विनी याने २५ ऑक्टोबर १५९८ रोजी तीस पौंडांच्या कर्जासाठी ते लिहिले, आणि ते क्विनीच्याच कागदांत सापडले, म्हणजे बहुधा शेक्सपिअरच्या हाती पडलेच नाही.

जेथे मागणी अमर्याद आणि पुरवठा शून्य, तेथे बनावट माल येणारच. १७९५ च्या सुमारास लंडनमधील विल्यम हेन्री आयर्लंड या विशीतल्या तरुणाने शेक्सपिअरचे कागद म्हणून एकामागून एक जिन्नस काढावयास आरंभ केला. त्याच्या वडिलांना शेक्सपिअरचे वेड होते, आणि त्यांची मर्जी संपादन करणे हाच मुलाचा मूळ हेतू होता. जुन्या ग्रंथांच्या आरंभीची आणि अखेरची कोरी पाने काढून त्यांवर तो खास बनविलेल्या शाईने लिही, आणि मग कागद विस्तवाजवळ धरून लेखनाला जुनाट रंग आणी. शेक्सपिअरने आपल्या वाग्दत्त वधूला लिहिलेले पत्र, आणि त्यासोबत केसांची एक बटही, त्याने सादर केली. जॉन्सनचा चरित्रकार बॉस्वेल याने त्या कागदांपुढे गुडघे टेकून त्यांचे चुंबन घेतले. पुढे त्या तरुणाने ‘व्हॉर्टिगर्न’ नावाचे आख्खे नाटकच शेक्सपिअरच्या नावावर लिहिले. २ एप्रिल १७९६ रोजी ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याचा प्रयोग प्रेक्षकांनी उधळला, आणि त्याच्या एक-दोन दिवस आधी एडमंड मॅलोन या पंडिताचा त्या कागदांचे खोटेपण सिद्ध करणारा ग्रंथ बाजारात आला होता. विद्वानही फसले याचे कारण त्यांची विद्वत्ता तोकडी होती हे नव्हे. असे पत्र असावे अशी त्यांची उत्कट इच्छा होती, आणि संग्राहकाचा खरा शत्रू हीच इच्छा असते.

परंतु याहूनही वाईट अपराध एका पंडिताच्या हातून घडला, आणि तो डलिचच्याच दप्तरात. ॲलिनच्या पत्नीचे १६०३ च्या ऑक्टोबरातील एक पत्र तेथे आहे. त्याचा खालचा भाग जीर्ण होऊन झडला आहे. जॉन पेन कॉलिअर या संशोधकाने १८४१ साली ते छापताना, झडलेल्या जागी शेक्सपिअरचे नाव असल्याचे दाखविले. पुढे मूळ कागदाशी ताडून पाहता त्या शब्दांना तेथे जागाच नव्हती असे ठरले. फाटलेल्या जागी काय असेल याचा तर्क करण्यास हरकत नाही, परंतु तो चौकटी कंसात, आपल्या नावाने आणि आपल्या जबाबदारीवर केला पाहिजे. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पिढीने मोडी कागद छापताना जी शिस्त घालून दिली ती नटाच्या पोस्टकार्डालाही तितकीच लागू आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत स्वाक्षऱ्यांच्या वह्या ठेवण्याची लाट आली, आणि तिच्याबरोबर कात्री आली. संपूर्ण पत्र वहीत मावत नाही म्हणून शेवटच्या दोन ओळी आणि सही तेवढी कापून चिकटवावयाची, आणि वरचा कागद केराच्या टोपलीत टाकावयाचा, हा त्या काळचा शिष्टसंमत प्रघात होता. अशा कातरलेल्या सह्या आजही स्वस्तात मिळतात. त्या पाहिल्या की मला शिल्पाचा केवळ अंगठा उरलेली देवळे आठवतात. त्याच काळी दुसरी एक हौस होती, ती मात्र कमी विध्वंसक ठरली: एखाद्या नटाचे छापील चरित्र घ्यावयाचे, त्याची बांधणी सोडवावयाची, आणि पानापानांमध्ये त्या नटाची खरी पत्रे, जाहिराती आणि कोरीव चित्रे घालून एका ग्रंथाचे चार-पाच जाड खंड बांधावयाचे. कागद आपापल्या गठ्ठ्यांतून तुटले हे खरे, परंतु निदान ते अखंड राहिले.

काही पत्रे मात्र भयापोटी गेली. एप्रिल १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांची हत्या करणारा जॉन विल्क्स बूथ हा अमेरिकेतील लोकप्रिय नट होता, नटांच्या प्रख्यात घराण्यातला होता. हत्येची वार्ता पसरताच ज्यांच्या घरी त्याची पत्रे होती त्यांनी, कटात गोवले जाऊ या धास्तीने, ती जाळून टाकली. परिणामी त्याच्या हातचा कागद आज अत्यंत दुर्मिळ आहे. आपल्याकडे भय नव्हते, रूढी होती. मृत्यूची वार्ता आणणारे पत्र घरात ठेवू नये, वाचून तत्काळ फाडून टाकावे, हा आपला रिवाज. आणि मला असे वाटते की आपल्या जुन्या नटांच्या आजाराची पत्रे जशी अधूनमधून सापडतात तशी त्यांच्या अंतकाळाची जवळजवळ सापडत नाहीत, याचे एक कारण हेच असावे.

आता आपल्या घरी यावे. मराठी नाटक मंडळ्यांचा वैभवकाळ आणि पोस्टकार्डाचा उदय हे दोन्ही एकाच वेळी घडले, हा संग्राहकाच्या दृष्टीने मोठा योग होय. हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड जुलै १८७९ मध्ये सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यात झाला. तेव्हापासून पन्नासएक वर्षे, हुबळी-धारवाडपासून इंदूर-बडोद्यापर्यंत आणि मुंबईपासून नागपूर-वऱ्हाडापर्यंत, मंडळ्या महिनोन् महिने फिरत राहिल्या, आणि घराशी संबंध ठेवण्याचे त्यांतल्या माणसांचे साधन हे पोस्टकार्डच होते. केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीस ‘ललितकलादर्श’ काढली. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापिली. या थोर मंडळींचा इतिहास आपण मुख्यतः आत्मचरित्रांवरून जाणतो. बोडसांची ‘माझी भूमिका’ आणि चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ हे ग्रंथ मराठी वाङ्मयाचे भूषण आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु आत्मचरित्र हे पुष्कळ वर्षांनंतर स्मृतीच्या आधारे लिहिले जाते, आणि स्मृती तारखांच्या बाबतीत बेफिकीर असते. ‘आज रात्री येथला शेवटचा खेळ, उद्या सामान हलते’ एवढे लिहिलेल्या कार्डावरची डाकमोहोर मात्र तारीखही सांगते आणि गावही सांगते. एका मंडळीतील चार माणसांची कार्डे टपालाच्या शिक्क्यांप्रमाणे क्रमाने लावली की नकाशावर तिचा मार्ग उमटतो. आणि नायकापेक्षा तबलजीची, रंगपटातल्या माणसाची किंवा आचाऱ्याची कार्डे या कामी अधिक उपयोगी पडतात, कारण ती माणसे उत्पन्न, पगाराची थकबाकी आणि पावसाने बुडालेले खेळ यांविषयी मोकळेपणाने लिहितात.

अशा कार्डाच्या ऐन मध्यभागी एक भोक असते. जुन्या घरांतून आलेली पत्रे तारेच्या आकड्यात ओवून खुंटीला टांगीत, त्याची ती खूण. नवशिक्या संग्राहकास ते वैगुण्य वाटते. मला ते त्या कार्डाचे वंशपत्र वाटते, कारण ते कार्ड एका घरात आले, वाचले गेले आणि राखले गेले याचा तो दाखला आहे, आणि एकाच तारेवरची कार्डे भोकाच्या जागेवरून पुष्कळदा एकत्र जुळविता येतात.

काळ ठरविण्याची आणखी साधने कार्डावरच असतात. छापील तिकिटावर व्हिक्टोरिया राणी आहे की सातवा एडवर्ड की पाचवा जॉर्ज, हे पाहावे. ‘नये पैसे’ हे शब्द असतील तर ते कार्ड १९५७ पूर्वी छापलेले असणे शक्य नाही. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धानंतर विक्रीस आले, तेव्हा १९३० ची तारीख घातलेले बॉलपेनी पत्र कोणी समोर ठेवले तर ते मुकाट्याने परत करावे. कागदाला शुभ्रता आणणारी रासायनिक द्रव्ये साधारण १९५० पासून वापरात आली. अतिनील प्रकाशात ती निळसर चमकतात, आणि त्याहून जुन्या म्हणविणाऱ्या कागदाचे बिंग तेथे फुटते.

चित्रपटाच्या आगमनाबरोबर ‘दस्तुरखुद्द’ आणि ‘बकलम’ हा भेद फार बिकट झाला. नाटकाच्या नटाला दिवसाकाठी दोन-चार पत्रे येत. हॉलिवूडच्या नटीला आठवड्याला हजारो येऊ लागली, आणि उत्तरे चिटणीस लिहू लागले. जीन हार्लो ही नटी १९३७ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारली. चाहत्यांना गेलेल्या तिच्या छायाचित्रांवरील बहुतेक सह्या तिच्या आईच्या हातच्या आहेत, हे आज संग्राहकांत सर्वश्रुत आहे. उलट उदाहरण स्टॅन लॉरेलचे. लॉरेल-हार्डी या जोडीतला हा कृश विनोदी नट, जोडीदाराच्या निधनानंतर सांता मोनिका येथे समुद्रकाठच्या एका लहान बिऱ्हाडात राही. त्याचा दूरध्वनी क्रमांक सार्वजनिक यादीत होता, आणि १९६५ साली मृत्यू येईपर्यंत तो अनोळखी चाहत्यांना स्वतः उत्तरे धाडीत असे, काही हाताने, पुष्कळशी टंकयंत्रावर. टंकलिखित असूनही ती पत्रे मी ‘दस्तुरखुद्द’ सदरात घालीन, कारण त्या शेऱ्याचा आत्मा अक्षरांच्या वळणात नसून मजकुराच्या मालकीत आहे.

मालकीचा विषय निघालाच आहे तर कायद्याविषयी थोडे लिहितो. कवी पोप आणि प्रकाशक कर्ल यांच्यातील १७४१ च्या इंग्लंडातील खटल्यात असा निवाडा झाला की पत्राचा कागद ज्याला पाठविला त्याचा, परंतु त्यातील शब्द छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. पुढे मिसेस पॅट्रिक कॅम्बेल या अभिनेत्रीला आपल्या १९२२ च्या आत्मचरित्रात बर्नार्ड शॉची पत्रे छापावयाची होती तेव्हा तिला शॉच्या संमतीवर आणि त्याच्या काटछाटीवर अवलंबून राहावे लागले. दोघांचा समग्र पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला तो दोघांच्याही मृत्यूनंतर, १९५२ साली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचेही तत्त्व हेच आहे. तेव्हा आपल्याजवळ पत्र आहे म्हणून ते छापावयास आपण मोकळे झालो, असे समजू नये. लेखकाच्या वारसांची परवानगी घ्यावी, आणि मायना व मजकूर यांत जिवंत माणसांची दुखरी गुपिते असतील तर परवानगी मिळूनही थांबावे.

रद्दीच्या दुकानात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात गठ्ठा हाती आला, तर प्रथम तो आहे तसाच ठेवून कागदांचा क्रम टिपून घ्यावा. क्रमांक घालावयाचा तो मऊ पेन्सिलीने, मागल्या बाजूच्या कोपऱ्यात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कदापि लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत कागदात उतरून पिवळा डाग धरतो आणि मग तो निघत नाही. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात कागद कायमचा बंदिस्त करणे त्याहून वाईट. काजळाची जुनी शाई शतके टिकते, पण पाण्याने पसरते. झरणीतील निळ्या-काळ्या शाईत लोहक्षार असतो आणि दमट हवेत तो कागदाला आतून खातो. आणि जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेल्या पत्रावर पाण्याचा एक थेंब पडला तरी अक्षरांची शाई होऊन वाहते. कोकणात पावसाळ्यातील आर्द्रता बुरशीला आणि कसरीला आमंत्रणच असते, म्हणून कागद जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर, आम्लविरहित लखोट्यांत ठेवून वरून जुन्या पद्धतीप्रमाणे सुती रुमालात बांधावेत. वेखंडाची पुरचुंडी रुमालाबाहेर ठेवण्यास हरकत नाही.

माझ्या स्वतःच्या संग्रहात मोठ्या नटाचे एकही पत्र नाही, आणि त्याचे मला वैषम्य वाटत नाही. जे आहे ते एका फिरत्या मंडळीत दुय्यम भूमिका करणाऱ्या, ज्याचे नाव कोणत्याही नाट्येतिहासात येत नाही अशा गृहस्थाने आपल्या वडील भावाला लिहिलेल्या सतरा कार्डांचे एक पुडके, तारेच्या भोकांसह. पहिल्या कार्डांत ‘तीर्थस्वरूप दादांचे सेवेसी’ असा पूर्ण मायना आहे. घोरपड्याचे देणे, आईचा दमा, यंदा मिळालेली कंचुकीची भूमिका, असा मजकूर. पुढे मायना आखडत जातो, आणि चौदाव्यापासून प्रत्येक पत्रात तोच एक प्रश्न येतो, की दादा, आपण रागावला आहात काय. सतरावे जोडकार्ड आहे, म्हणजे जबाबासाठी दुसरे कार्ड जोडलेले. त्याच्या जबाबी अर्ध्यावर आपल्या पुढच्या मुक्कामाचा पत्ता त्याने स्वतःच, भावाला तेवढेही श्रम पडू नयेत म्हणून, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला आहे. मधल्या घडीला धरून दोन्ही अर्धी अजून जोडलेली आहेत, आणि जबाबी अर्ध्याची मागली बाजू कोरी आहे.